किळसेचे अर्थशास्त्र

विश्व-अर्थेतिहास कोशाच्या कचेरीत कोणतीही नोंद श्रवणावाचून छापली जात नसे. हा नियम संस्थापकांनी घालून दिला होता आणि पंचेचाळीस वर्षांत तो एकदाही मोडला गेला नव्हता. नोंद लिहिणाऱ्याने ती सर्वांसमोर सावकाश, मोठ्याने वाचायची. ऐकायला संपादक, अनुवादक, मुद्रणालयातील माणसे, शिपाई आणि झाडलोट करणारी बाई या सर्वांनी एकाच सतरंजीवर बसायचे. ऐकता ऐकता ज्याच्या मनाला एखादे वाक्य टोचेल त्याने, मग तो कोणीही असो, ‘थांबा’ म्हणायचे. आणि टोचणीचे समाधान होईपर्यंत वाचन पुढे सरकायचे नाही. या अधिकाराला अपवाद एकाच व्यक्तीचा होता, तो म्हणजे प्रमुख संपादकाचा. त्याने केवळ ऐकायचे. तो बोलला की इतर बोलत नाहीत, हे संस्थापकांनी जाणले होते. श्रवणात न अडलेल्या नोंदीवर त्याने पंधरा दिवसांच्या आत सही करावी, एवढेच त्याचे कर्तव्य.

प्रमुख संपादक दमयंती उपळेकर हा नियम एखाद्या कुलाचारासारखा पाळीत. कचेरी होती त्याच कृष्णाकाठच्या लहान शहरात, संस्कृत पाठशाळेतील एका अध्यापकाच्या घरी त्यांचा जन्म झाला होता. श्रवणाचे माहात्म्य नव्या माणसाला सांगताना त्या नेहमी एकच प्रसंग सांगत. मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून नेलेल्या लोकांविषयीची नोंद वाचली जात होती. वाक्य होते : ‘समुद्रप्रवासात सरासरी आठ टक्के घट आढळते.’

“थांबा,” झाडलोट करणारी हौसाक्का म्हणाली होती. “घट म्हंजे काय? धान्य सांडलं का?”

“नाही हो. माणसं मेली.”

“मग मेली म्हणा की! लाज तुम्हाला का वाटतीया? तुम्ही न्हाई मारली.”

वाक्य बदलले गेले. त्या दिवशी दमयंतीबाईंनी हौसाक्काला स्वतःच्या हाताने चहा करून दिला होता.

कोशाचा अखेरचा खंड ‘वळणे’ या नावाचा होता. एका अर्थव्यवस्थेची जागा दुसरीने कशी घेतली, हा त्याचा विषय. धान्य साठवण्याच्या पहिल्या कोठारापासून नाण्यापर्यंत, भागभांडवलाच्या कंपनीपासून वाफेच्या यंत्रापर्यंत, प्रत्येक वळणावर एक नोंद. या खंडाला दमयंतीबाईंनी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचे सार आले होते. व्यवस्था अकार्यक्षम झाल्या म्हणून मोडत नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. गुलामगिरी अखेरपर्यंत नफ्यात चालली होती. परंतु अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडातील हजारो घरांनी गुलामांनी पिकवलेली साखर चहात घालणे बंद केले, कारण तो गोडवा घशाखाली उतरेना. लंडनमधील गरिबांच्या वस्त्या वर्षानुवर्षे कॉलऱ्याने मरत होत्या, तेव्हा कोणी हलले नाही; १८५८च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी पार्लमेंटच्या खिडक्यांतून आत शिरली, चुन्याच्या पाण्यात भिजवलेले पडदेही तिला अडवू शकले नाहीत, तेव्हा अवघ्या काही आठवड्यांत कायदा झाला. हिशेब माणसाला सहन करायला शिकवतो, आणि किळस त्याला उठायला लावते, असे बाईंनी लिहिले होते.

त्याच सुमारास, म्हणजे २०४१ साली, किळस ही गोष्टच बाजारातून नाहीशी होऊ लागली होती.

या नवलामागचे विज्ञान समजण्यास अवघड नाही. आपल्या मेंदूच्या दोन्ही बाजूंस, कानांच्या वरच्या अंगाला, एका खोल घडीत दडलेला एक भाग आहे. त्यास इन्सुला म्हणतात. नासलेल्या दुधाचा वास आला, जखमेतील पू दिसला, की हा भाग जागा होतो आणि पोट ढवळते. पुढे शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले की, अन्याय झाला तरी हाच भाग जागा होतो. एक साधा प्रयोग होता. दोघांपैकी एकाला दहा रुपये द्यायचे. त्याने त्यातला हवा तेवढा वाटा दुसऱ्यास देऊ करायचा. दुसऱ्याने तो स्वीकारला तर दोघांना आपापला वाटा मिळेल. नाकारला तर कोणालाच काही मिळणार नाही. तर्काने पाहता एक रुपयाही घ्यावा, कारण शून्यापेक्षा तो अधिक आहे. पण माणसे एक रुपया नाकारतात. स्वतःचे नुकसान करून घेतात, पण समोरच्याचा उद्दामपणा गिळत नाहीत. तो क्षुद्र वाटा हाती येतो तेव्हा त्यांच्या मेंदूत जे घडते, ते कुजलेले अन्न पुढे आल्यावर घडते त्याच्या फार जवळचे असते.

निरामय तंत्र नावाच्या कंपनीने या भागावर कानाला ऐकू न येणाऱ्या, श्राव्यातीत ध्वनिलहरी केंद्रित करणारा एक पट्टा बनवला. कपाळावर बांधायचा, बोटभर रुंद, चंदनी रंगाचा. त्याला शमक म्हणत. सकाळी अर्धा तास बांधला की दिवसभर किळस वाटत नसे. परिणाम साठत जाई. पट्टा सोडल्यानंतर तो ओसरायला आठ-दहा दिवस लागत. साठीपुढच्या माणसांना तो देण्यास वैद्यकीय मनाई होती, एवढीच काय ती मर्यादा.

आरंभी तो सांडपाण्याच्या प्रकल्पांतील आणि कत्तलखान्यांतील कामगारांना दिला गेला, आणि त्यात करुणाच होती असे सर्वांनी मानले. वर्षभरात अशा कामांसाठी मिळणारा जादा भत्ता बंद झाला. किळसच येत नाही, तर भत्ता कशाचा? कोणी तक्रार केली नाही. मग पट्टा थकबाकी वसूल करणाऱ्यांकडे गेला, विस्थापितांची घरे पाडणाऱ्यांकडे गेला, कचेऱ्यांत गेला, न्यायाधिकरणांत गेला. मालकाने देऊ केलेला एक रुपया आता सगळेच मुकाट्याने घेत होते. तीन वर्षांत राज्यात एकही संप झाला नाही. वर्तमानपत्रांनी त्याला औद्योगिक शांतता म्हटले.

कोशाच्या कचेरीत शमक आला तो सुदीप कंडारे याच्यासाठी. सुदीप हा दमयंतीबाईंचा तेरा वर्षांपासूनचा शिष्य, आणि त्यांच्या निवृत्तीनंतर त्यांच्या खुर्चीवर बसावा असा एकमेव माणूस. दुष्काळांची आणि गुलामांच्या जहाजांची कागदपत्रे वाचण्याचे काम त्याच्याकडे होते. ते करता करता त्याचे अन्न सुटले. अस्थिपंजर मुलांची छायाचित्रे पाहून घरी गेलेला हा माणूस पानावरून उठून जाई. निरामयने कोशाच्या खंडाला देणगी दिली, तिच्यासोबत कचेरीतील सर्वांना पट्टे दिले. महिन्याभरात सुदीपच्या गालांवर मांस आले. तो हसू लागला. दिवसाला दुप्पट कागद वाचू लागला. त्याची पत्नी ज्योत्स्ना पेढे घेऊन आली, तेव्हा दमयंतीबाईंच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले होते. साठी उलटल्यामुळे त्यांच्या स्वतःच्या कपाळी पट्टा आला नाही, याचे त्या दिवशी त्यांना दुःखच झाले.

त्यांना पहिली शंका आली ती एका झुरळामुळे.

दुपारचा चहा चालला होता. सुदीपच्या पेल्यात झुरळ पडलेले होते, भिजून फुगलेले, एक पाय पेल्याच्या काठाला चिकटलेला. त्याने ते दोन बोटांनी उचलले, कागदावर ठेवले, आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

“सुदीप! अरे, झुरळ होतं त्यात!”

“हो, काढलं की, बाई.”

हौसाक्का शेजारीच उभी होती. तीन वर्षांपूर्वीची हौसाक्का असती तर तिने पेला हिसकावून अंगणात भिरकावला असता. ती फक्त म्हणाली, “चहा वाया न्हाई गेला, बरं झालं.” तिच्याही कपाळावर चंदनी पट्टा होता.

दमयंतीबाईंनी आपला पेला खाली ठेवला. तो पुन्हा त्यांना उचलवला नाही.

खंडातील अखेरची नोंद ‘शमक’ हीच होती, आणि ती सुदीपने लिहिली होती. तिचे श्रवण झाले तो दिवस बाईंच्या निवृत्तीच्या बरोबर पंधरा दिवस आधीचा. सतरंजीवर एकोणीस माणसे बसली होती. सुदीपचा आवाज स्वच्छ, उच्चार शुद्ध. ते त्याला बाईंनीच शिकवले होते. वाचता वाचता तो एका परिच्छेदाशी आला :

“‘निरामयच्या जैववायू प्रकल्पात प्रारंभीच्या काळात विषारी वायूची गळती होऊन सतरा एककांची हानी झाली. वायूस तीव्र दुर्गंधी होती. तथापि स्थानत्यागाची प्रेरणा उत्पन्न न झाल्याने एकके कार्यरत राहिली. उत्पादनात खंड पडला नाही.’”

दमयंतीबाईंच्या डोळ्यांसमोर तो प्रकल्प उभा राहिला. सडक्या अंड्यांसारखा वास नाकात भरला आहे, टाकीच्या तळाशी माणसे उभी आहेत, त्यांना तो वास येतो आहे आणि त्याचे काहीच वाटत नाही. फावडी चालत आहेत, मग एकेक फावडे थांबते आहे. त्यांनी सतरंजीकडे पाहिले. मुद्रणालयातील जुने जाणते मान डोलावत होते. एक अनुवादिका नखे कोरत होती. त्यांची नजर हौसाक्कावर खिळली. ‘एकक म्हंजे काय?’ एवढे तरी ती विचारील.

हौसाक्काने जांभई दिली.

सुदीपने नोंद अखेरपर्यंत वाचली आणि कागद मिटले. संस्थेच्या इतिहासात एवढे सुरळीत श्रवण झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी निरामयचे प्रतिनिधी पारसनीस भेटीस आले. तलम सदरा, नम्र वाणी. नोंदीवर सही केव्हा होईल, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.

“सतरा एकके म्हणजे सतरा माणसं ना?” दमयंतीबाईंनी विचारले.

“बाई, तुम्ही भाषेच्या जाणकार. ‘माणूस’ म्हटलं की वाचकाचं लक्ष विचलित होतं. शिवाय ती कंत्राटी होती. आमच्या पटावर त्यांची नोंद माणूस म्हणून नाहीच. त्यांच्या घरच्यांना पट्टे दिलेत आम्ही. फुकट. आता त्यांनाही काही त्रास नाही.”

“तुम्ही स्वतः पट्टा बांधत नाही?”

“मी?” पारसनीस मनमोकळे हसले. “छे, छे! आमच्या संचालकांपैकी कोणीच नाही बांधत. कुठे काय सडतंय ते कुणाला तरी कळायला हवं ना? नाहीतर धंदा करायचा कसा?”

ते गेल्यावर दमयंतीबाईंनी ते बसले होते ती खुर्ची अंगणात नेऊन ठेवायला सांगितली. मग सुदीपला बोलावले.

“ती नोंद तू लिहिलीस यावर माझा विश्वास बसत नाही.”

“का? एखादा आकडा चुकलाय?”

“आकडा बरोबर आहे. म्हणूनच सांगते. तुला त्यात काहीच वाटत नाही?”

“बाई, वाटणं हा पुरावा नसतो, हे तुम्हीच शिकवलंत.” तो शांतपणे खुर्चीवर बसला. “तुम्हाला किळस फार थोर वस्तू वाटते.”

“थोर नाही. आवश्यक.”

“कुणाला? तुमच्या प्रस्तावनेत ती साखरेवर येते, नदीवर येते. इथे ती कुणावर आली ते सांगू? माझे आजोबा डोक्यावरून मैला वाहायचे. लोकांना मैल्याची किळस नव्हती; तो त्यांच्याच घरातला. किळस होती ती आजोबांची. अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून दुकानात गेले तरी सुटे पैसे लांबून टाकायचे लोक. हा देश शेकडो वर्षं किळसेवर चालला, बाई. आमची अख्खी जात त्या इंद्रियाने गावाबाहेर बसवली. आणि आता एका यंत्राने ती घालवली, गेल्या तीन वर्षांत माझ्या शेजारी बसताना कुणी अंग चोरलं नाही, तर मी त्या यंत्राची आरती करू नको?”

दमयंतीबाई म्हणाल्या, “माणसाची किळस वेगळी, कृत्याची वेगळी. पट्ट्याला हा भेद कळत नाही.”

“तुम्हाला कळतो?”

तो उद्धटपणे बोलला नव्हता. खरोखर विचारत होता. त्याच्या स्वरात रागाचा लवलेश नव्हता, आणि तेच त्यांना असह्य झाले. हा प्रश्न विचारताना या मुलाचा आवाज कापायला हवा होता.

“सुदीप, माझं एक ऐक. पंधरा दिवसांपैकी एक गेला. उद्यापासून दहा दिवस तो पट्टा बाजूला ठेव. दहाव्या दिवशी तुझीच नोंद तू पुन्हा वाच. तरीही तुझं हेच मत राहिलं तर मी सही करीन, आणि तुझ्या नेमणुकीचं पत्रही देईन. अवाक्षर काढणार नाही.”

“आणि मत बदललं तर?”

“तर तू सांगशील तसं.”

सुदीपने विचार केला. “ठीक आहे. मला माझ्या मताची खात्री आहे.”

पहिले पाच दिवस काही झाले नाही. तो वेळेवर येई, वेळेवर जाई. सहाव्या दिवशी त्याने चहा नको म्हटले. सातव्या दिवशी रजा घेतली. आठव्या दिवशी सकाळीच ज्योत्स्ना कचेरीत आली. तिने चप्पलही काढली नाही.

“काय केलंत तुम्ही त्यांना?”

“बस, ज्योत्स्ना.”

“मला बसायचं नाही. काल जेवताना उठून मोरीत गेले. मला वाटलं भाजी उतरली म्हणून. तर म्हणतात, भाजी चांगली आहे, वास माझ्या हातांना येतोय. साबणाने घासघासून कातडं काढलं हातांचं. तीन वर्षं माणूस सुखाने जेवत होता, बाई. मुलीशी खेळत होता. तुमच्या कोशापायी पूर्वीचे दिवस मला परत नकोत. एका वाक्यासाठी माणूस मारणार आहात का?”

“ते वाक्य सतरा माणसांचं आहे.”

“आणि माझ्या घरचा एक आहे! त्याचं काय?”

ज्योत्स्ना दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, “आज पहाटेची गाडी पकडून गेलेत. त्या प्रकल्पाच्या गावी. पट्टा पुढे केला तर माझ्या हातातून घेतला नाही. हे तुम्हाला सांगायला आले होते. आता आनंद करा.”

आनंद झाला, हे दमयंतीबाई स्वतःशी नाकारू शकल्या नाहीत; आणि त्या आनंदाची त्यांना थोडी शरमही वाटली.

दहाव्या दिवशी सुदीप आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. तेरा वर्षांपूर्वी मुलाखतीला आलेला तो काटकुळा मुलगाच जणू पुन्हा दारात उभा होता. त्याने टेबलावर नव्याने लिहिलेली नोंद ठेवली. ‘एकक’ हा शब्द तिच्यात कुठेच नव्हता. सतरा नावे होती, प्रत्येकासमोर वय आणि गाव. सर्वांत धाकटा एकोणीस वर्षांचा. खाली वाचलेल्या एका कामगाराचे निवेदन होते : ‘वास येत होता. घाण वास येत होता. पण त्याचे काही वाटत नव्हते. बाळू पडला तेव्हा मी त्याला ओलांडून गेलो.’

“त्या सतरा जणांच्या घरच्यांना भेटलो,” सुदीप म्हणाला. आता त्याचा आवाज कापत होता. “सगळ्यांच्या कपाळाला पट्टे. हसतमुखाने चहा दिला त्यांनी मला. एकीने नवऱ्याचा फोटो दाखवला, आणि त्याच दमात विचारलं, साखर पुरेशी आहे ना? बाई, मी बाहेर जाऊन ओकलो. तरी हे सगळं मला लिहितेवेळी ठाऊक होतं. नावांची यादी माझ्या कपाटात होती. उघडली नाही, एवढंच.”

“पुन्हा श्रवण होईल. कोणी ‘थांबा’ म्हणणार नाही, पण छापून तर निघेल. निरामय देणगी परत मागेल, मागू दे. हलक्या कागदावर छापू.” दमयंतीबाईंनी खण उघडला. नेमणुकीचे पत्र त्यांनी त्याच दिवशी सकाळी स्वहस्ते लिहून ठेवले होते. “हे घे. माझं काम झालं.”

सुदीपने हात पुढे केला नाही.

“पत्र राहू दे. आधी हे ऐका.” त्याने कपाटातून कोशाचा तिसरा खंड काढला, आणि श्रवणाला वाचतात तसे, सावकाश, मोठ्याने वाचू लागला : “‘मैलावहन. लेखिका, दमयंती उपळेकर.’ पुढे बरंच आहे, ते चांगलं आहे. हे वाक्य ऐका. ‘या शहरात ही प्रथा नगरपालिकेच्या १९७१च्या ठरावाने संपुष्टात आली.’”

“बरोबर आहे. तो ठराव मी स्वतः पाहिला आहे. मूळ कागद, शिक्क्यासहित.”

“कागद खराच आहे. माझे आजोबा १९८९पर्यंत पाठशाळेमागच्या बोळातून डोक्यावर डबा घेऊन जात होते. तुमचं घर त्याच बोळात ना?”

“त्याच बोळात.”

“१९८९ला तुम्ही किती वर्षांच्या होता?”

“दहा.”

“म्हणजे पाहिलं असेल.”

बाहेर हौसाक्का अंगण झाडत होती. दमयंतीबाईंनी मान हलवली. “पाहिलं होतं.”

“तरी कागदावरचं साल लिहिलंत.”

“मला...” त्यांनी वाक्य पुन्हा सुरू करून पाहिले. “ते लिहिताना मला आठवलं नाही, असं नाही. आठवावंसं वाटलं नाही. अंगावर शिसारी येई. कागद स्वच्छ होता.” हे शब्द तोंडातून बाहेर पडत असताना, ‘कृत्याची किळस वेगळी’ असे याच खोलीत आपण किती ऐटीत म्हणालो होतो, ते त्यांना ऐकू आले, आणि आपल्याच जिभेचा त्यांना असा तिटकारा आला की त्यांनी पाण्याचा पेला ओठांपर्यंत नेऊन तसाच खाली ठेवला.

“ही नोंद तू केव्हा वाचलीस?”

“इथे लागलो त्या आठवड्यात.”

“तेरा वर्षं! आणि बोलला नाहीस? श्रवण तू येण्याआधी झालं असेल, पण मला येऊन सांगायचंस. तेव्हा तर पट्टा नव्हता.”

“पट्टा नव्हता,” सुदीप म्हणाला. “तुमच्याबद्दल आदर होता. त्यानेही तेच काम होतं, बाई.”

दमयंतीबाईंनी खंड आपल्याकडे ओढला. ते वाक्य त्यांनी एका सरळ रेषेने खोडले.

“शुद्धिपत्र छापू,” त्या म्हणाल्या.

“शुद्धिपत्र कोण वाचतं? नोंद नव्याने लिहायची. तुम्हीच. निवृत्तीनंतर, सतरंजीवर बसून वाचायची, सगळ्यांसमोर. मी संपादक म्हणून सांगतोय. पत्र अजून तुमच्याच हातात आहे. नको वाटत असेल तर फाडा.”

त्यांनी पत्र त्याच्यापुढे सरकवले. मग एक कोरा कागद घेतला आणि लेखणीचे टोपण काढले.

“आजोबांचं नाव?”

“किसनलाल.”

“पूर्ण सांग.”

“किसनलाल मोतीलाल कंडारे.”

त्यांनी ते एकेक अक्षर सुटे करून लिहिले. “वय?”

“तेव्हा पन्नाशी उलटली होती.”

“दिसायला कसे होते?”

सुदीपने त्यांच्याकडे पाहिले. “ते तुम्ही सांगायचं, बाई. मी जन्मलो त्याआधीच ते गेले. घरात त्यांचा फोटो नाही. त्यांना पाहिलेलं या कचेरीत तुमच्याशिवाय कुणीच नाही.”

दमयंतीबाईंनी डोळे मिटले. पाठशाळेमागचा बोळ आठवला. सकाळची वेळ, हातात पाटी-दप्तर. समोरून पावले येत आहेत, आणि वडिलांनी शिकवल्याप्रमाणे ती दहा वर्षांची मुलगी नाक दाबून भिंतीकडे तोंड करते आहे. पावले जवळ आली, बाजूने गेली, दूर गेली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, मग पुन्हा. भिंत लख्ख आठवत होती. तिच्यावरचा प्रत्येक पोपडा, दोन दगडांच्या फटीत उगवलेले पिंपळाचे रोप, एक मुंग्यांची रांग. लेखणी कागदावर टेकलेली होती आणि शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत होता.